अकोल्याचा रिपोर्ट

नागपूर,
११ डिसेंबर १९६७

तीर्थरूप किसनकाका यांस कोकिळेचा नमस्कार. काकूंनाही सांगा.

बाबा सुखरूप पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. हे पत्र मात्र त्यांच्यासमोर वाचू नका. आधी एकट्याने वाचा आणि मग त्यांना काय सांगायचं ते ठरवा.

बाळाच्या बारशाला बाबा आले तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, पण नातवाचं तोंड पाहीपर्यंत त्यांनी माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. नागपुरात आले तरी स्टँडवर चहा पिऊन यायचे आणि दारातूनच परत जायचे. या खेपेला पहिल्यांदा पाटावर बसून जेवले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांची लघवी अडली. पाणी बदललं म्हणून झालं असं म्हणत सकाळभर दम काढला. दुपारी घामाघूम झाले तेव्हा यांनी रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे नळी घालून मोकळं केलं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

प्रत्येक पुरुषाच्या मूत्राशयाखाली सुपारीएवढी एक गाठ असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. वय झालं की ती वाढते, त्यात भिण्यासारखं काही नसतं. पण डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तेव्हा बाबांची गाठ दगडासारखी लागली. म्हणून त्यांनी रक्तही घेतलं. त्याचा रिपोर्ट बाबा गावी निघून गेल्यावर आला. त्यात ॲसिड फॉस्फटेज म्हणून एक आकडा असतो, तो चारच्या आत असावा लागतो. बाबांचा अकरा आहे.

डॉक्टर म्हणतात, बोटाने तपासल्याबरोबर रक्त घेतलं तर आकडा उगाचच वर जाऊ शकतो, म्हणून एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. महिनाभराने पुन्हा रक्त घ्यायचं. पुन्हा आकडा वरच राहिला तर सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायचा आणि पाठीच्या हाडांचे फोटो काढायचे. कॅन्सर हा शब्द त्यांनी मला नाही, यांना सांगितला. यांनी मला सांगितला, मी तुम्हाला सांगते आहे, तुम्ही कुणाला सांगू नका. वेळेत कळलं तर औषध आहे, ऑपरेशन आहे, माणूस पुढची काही वर्षं चांगली काढतो. उशीर झाला तर काही नाही.

आई गेल्यापासून मला बाबांशिवाय माहेर नाही. तुम्ही रागावू नका, तुम्ही आणि काकू आहातच, पण मला काय म्हणायचं आहे ते तुम्हाला कळेल. संक्रांतीच्या आधी त्यांना घेऊन या.

तुमची,
कोकिळा


दुसरबीड,
२६ डिसेंबर १९६७

चि. सौ. कोकिळेस, जावईबापूंस व बाळास किसनकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. काय लिहिलंय म्हणून तुझ्या काकूने विचारलं, तर बाळाला दात येतायत म्हणून सांगितलं. महिन्याच्या पोराला दात कुठून, हे तिच्या ध्यानात यायच्या आत मी शेतात निघालो. अशी लपवाछपवी मला जमत नाही, पण आता जमवतो.

दादाला एवढंच म्हणालो की नागपूरच्या डॉक्टरला रक्त पुन्हा एकदा पाहायचं आहे. तर म्हणाला, "काऊन? एक डाव घेतलं ना रगत. पिऊन राह्यले काय ते?" मी हसलो नाही, तेव्हा त्याला काहीतरी कळलं असावं. म्हणाला, "नागपूरले मी आता पाय ठेवत नाही. पोरीले लिहून दे." का, तर सांगेना. टोपी उचलली आणि पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बायांकडे निघून गेला. दोन दिवसांनी पुन्हा विषय काढला तर ताटावरून उठला.

तुला वाटतं काकाने सांगितलं की बाबा ऐकतील. या घरात उलटं आहे. आमचे आईबाप लवकर गेले. दादाने स्वतः तिसरीत शाळा सोडली आणि मला सातवीपर्यंत मेहकरला ठेवलं. तेव्हापासून वहिवाट पडली, शेतातलं काम त्याचं आणि बाहेरचं माझं. तहसीलीत, सोसायटीत, कोर्टाच्या तारखेला त्याच्या नावाचा पुकारा झाला की हजर मी म्हणतो. सही करायची वेळ आली तर पंजाबराव अशी सहीही मीच करतो. तू व्हावीस म्हणून त्याने देवीला अनवाणी येण्याचा नवस बोलला होता. नेमका तेव्हा त्याच्या पायाला कुऱ्हाड लागली, म्हणून तुझ्या जन्माआधी तोही त्याच्या वतीने मीच चालून पुरा केला. देवीने मान्य केला, त्याशिवाय तू झालीस का? तर त्याने सांगायचं आणि मी करायचं असा आमचा संसार आहे. मी सांगायचं आणि त्याने ऐकायचं, ही गोष्ट आजवर झाली नाही.

नागपूरऐवजी जवळपास कुठे हे रक्त पाहत असतील तर विचार. अकोल्याला म्हटलं तर कदाचित निघेल. बाकी त्याची तब्येत ठीक आहे. भाकरी खातो, शिव्या देतो.

किसनकाका


नागपूर,
९ जानेवारी १९६८

तीर्थरूप काकांस नमस्कार.

डॉक्टरांना विचारलं. अकोल्याला त्यांच्या ओळखीचे एक रक्त तपासणारे डॉक्टर आहेत. त्यांच्या नावाची चिठ्ठी आणि पत्ता सोबत पाठवते आहे. चिखलीत किंवा मेहकरात रक्त काढून बाटली एसटीने पाठवू असा विचार मनात आणू नका. हे रक्त वाटेत टिकत नाही आणि आकडा खोटा येतो. माणसानेच तिथे जाऊन द्यायचं. त्याआधी आठवडाभर कुणा डॉक्टरला खालून तपासू द्यायचं नाही. हे दोन्ही नियम तुम्ही पाळाल, एवढ्यासाठीच पुन्हा लिहिते.

नागपूरला येणार नाही या हट्टाचं कारण मला कळलेलं नाही. यांनी तर त्या दिवशी रजा टाकून सगळी धावपळ केली. बाबांना आत एकटं वाटेल म्हणून मीच यांना म्हटलं, तुम्ही पडद्याच्या आत जा, त्यांच्याजवळ उभे राहा. पोटच्या मुलाने केलं नसतं तेवढं यांनी केलं. अकोल्यालाही हे यायला तयार आहेत. २७ तारखेला शनिवार आहे, त्या दिवशी हे अकोल्याच्या स्टँडवर तुमची वाट पाहतील.

बाबांना सांगा, कोकिळेने शपथ घातली आहे.

कोकिळा


दुसरबीड,
२५ जानेवारी १९६८

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

जावईबापूंना शनिवारी अकोल्याला येऊ नका म्हणून तार केली आहे, ती मिळाली असेल. त्यांना कशाला रजा टाकायला लावायची? सरकी विकायला अकोल्याची गाडी जाणारच होती, म्हणून काम मंगळवारीच उरकून घेतलं.

डॉक्टर म्हातारा पण कामाचा आहे. चिठ्ठी वाचली, पंजाबराव नाव आणि बासष्ट वय लिहून घेतलं, दंडाला रबर बांधलं आणि सुई टोचली. पहिल्यांदा शीर सापडली नाही म्हणून दुसऱ्यांदा टोचली. चार वाजता या म्हणाला. चारला कागद हातात दिला. आकडा अडीच. चारच्या आत पाहिजे असं तू लिहिलं होतंस ना? तो अडीचच आहे. मी त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, या रक्तात काही दोष नाही, घरी जा. कागद सोबत पाठवतो आहे, नागपूरच्या डॉक्टरला दाखव.

घरी दादाला वाचून दाखवला. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "पाह्यलं? मी म्हणत नव्हतो?" त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि गड्यालाही गूळ दिला.

तू आता जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

किसनकाका


नागपूर,
८ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप काकांस कोकिळेचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी बाळाला न्हाऊ घालत होते. ओल्या हाताने फोडलं आणि तिथेच बसून रडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं काही वाईटच आलं.

डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, म्हणजे पहिला आकडा आमच्या तपासण्यामुळेच वर गेला होता. गाठ टणक आहे तरी आता सुई घालून तुकडा काढायची घाई नको, वय आहे, सोसायचं नाही. त्यांनी बाबांच्या कागदांवर एक रेघ ओढली आणि ते बाजूला ठेवले. लघवीचा त्रास झाला तर या म्हणाले.

काका, तुमचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. बाबांना तिकडे नेणं म्हणजे अडलेला बैल पाण्यातून काढण्यासारखं आहे, ते तुम्ही केलंत. काकूंसाठी एक लुगडं पाठवते आहे, बाबांना दाखवू नका, मुलीकडून घेतलं म्हणून ओरडतील.

कोकिळा


दुसरबीड,
२० ऑगस्ट १९६८

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

बरेच दिवसांत पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. पीकपाणी बरं आहे. तुझ्या काकूचा गुडघा दुखतो.

दादाची कंबर धरली आहे. मागल्या महिन्यात बैल धुताना नदीवर पाय घसरला होता, त्याचं असावं. एका वैदूला दाखवलं, तो तेल लावून चोळून जातो. पण आराम पडत नाही. थोडा उतरलाही आहे. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसतात. उठताना भिंत धरतो आणि कुणी पाहत असेल तर भिंत झाडल्यासारखं करतो. मी दवाखाना म्हटलं तर म्हणतो, "रिपोर्ट चांगला हाये ना? मंग कायले?"

तुला एक विचारायचं होतं. तुमच्या त्या डॉक्टरला सहज विचार. एकदा रिपोर्ट चांगला आला की नंतर ते दुखणं होत नाही ना? आणि समजा व्हायचंच असलं तर कमरेत दुखतं का? मी आपलं सहज विचारतो. तू लगेच काळजी करत बसू नकोस, आणि लगेच निघून येऊ पण नकोस. उत्तर मात्र लवकर धाड.

किसनकाका


नागपूर,
२ सप्टेंबर १९६८

तीर्थरूप काकांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून तशीच डॉक्टरांकडे धावले, त्यांना भेटून आल्यावर जरा शांत झाले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, अकोल्याचा रिपोर्ट किती होता? मी अडीच म्हटलं. मग म्हणाले, जानेवारीत अडीच असेल तर आज कमरेचं दुखणं त्यातलं असण्याचा संभव फार कमी. या वयात शेतकऱ्याची कंबर धरतेच. आकडा वरचा असता तर मी त्यांना आजच्या आज बोलावलं असतं, असंही म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्या पाठवते.

फक्त एक सांगितलं. पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाले किंवा लघवी कळेनाशी झाली तर एक दिवसही थांबायचं नाही.

पाय घसरला तेव्हा त्यांच्यासोबत गडी का नव्हता? तुमचं लक्ष कुठे असतं, काका? दिवाळीला मी बाळाला घेऊन येतेच आहे.

कोकिळा


नागपूर,
४ नोव्हेंबर १९६८

किसनकाका,

तीर्थरूप लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहीत नाही.

दिवाळीला मी आले तेव्हा बाबा ओसरीवर बसून होते आणि मला पाहून उठले नाहीत. मला वाटलं रागावले आहेत. जवळ गेले तेव्हा कळलं, त्यांना उठताच येत नव्हतं. चार दिवसांपासून पाय बधिर होते आणि तुम्ही ते कांबळ्याखाली झाकून ठेवले होते. मी जीप बोलावली, तेव्हा तुम्हीच त्यांना उचलून आत ठेवलंत. अकोल्याला रेल्वेत चढवून दिलंत. एवढा वेळ माझ्याजवळ होतात, पण बोलला नाहीत. वेचणी आहे म्हणून स्टेशनवरून परत फिरलात. आता मला कळतं, वेचणीचं ते निमित्त होतं.

इथल्या डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि मलाच विचारलं, अडीच आकड्याच्या माणसाचं नऊ महिन्यांत असं होतं कसं? नर्स रक्त घ्यायला आली. दंडाला रबर बांधताना बाबा अगदी सहज म्हणाले, "पोरी, सांभाळून टोच. अकोल्याले किसनले दोन डाव टोचलं व्हतं, हात काळा पडला व्हता त्याचा." मी म्हटलं, किसनकाकांना का? तर म्हणाले, "तोच तं गेला व्हता." चेहऱ्यावर ना लाज ना खंत. मुलीला बनवलं याची जणू मौजच वाटत होती दोघा भावांना.

आज आकडा बावन्न आहे. पाठीच्या मणक्यांचे फोटो काढले, मणके वाळवी लागल्यासारखे झाले आहेत. कण्यावर दाब आला आहे, पाय परत येणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. जानेवारीत हा माणूस माझ्यासमोर आणला असतात तर मी त्याला चालत घरी पाठवला असता, हेही ते म्हणाले. मी सप्टेंबरात तुम्हाला गोळ्या पाठवल्या. तुमच्या रक्ताच्या आकड्यावर मी माझ्या बापाच्या दुखण्याचं औषध करत होते.

तुम्ही शिकलेले होतात. बाबांचं मी समजू शकते, तुमचं समजू शकत नाही. या घराची पायरी आता चढू नका.

कोकिळा


दुसरबीड,
१५ नोव्हेंबर १९६८

कोकिळेस,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी नाकारत नाही. पण अर्धं तुला माहीत नाही, ते मी आता सांगतो. दादाने कुणाला सांगू नको म्हटलं होतं, पण आता लपवून काय करायचं?

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी तो मला मळ्यात घेऊन गेला आणि धुऱ्यावर बसून बोलला. "किसन, त्या दवाखान्यात बारा पोट्टे उभे व्हते डाक्टरकी शिकणारे. त्याहीच्या समोर धोतर सोडलं. ते बी चाललं असतं, ते कोन अन् मी कोन. पन माह्या तंगड्या जवायानं धरल्या. ज्याचे पाय धुवून मी पोरगी देल्ली, त्यानं माह्या तंगड्या धरल्या, किसन. अन् आता तो अकोल्यालेबी येऊन उभा राह्यते. मी नाही जात. तू जाय." बोलताना रडला. आमची आई गेली तेव्हा मी त्याला रडताना पाहिला होता, त्यानंतर हेच.

जावयाला पडद्याच्या आत तू पाठवलंस. तुझा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. माझा वाईट होता का?

मी त्याला म्हणालो, दादा, रक्त तुझं पाहिजे. तो म्हणाला, "तुयात माह्यात काय फरक हाये?" मला वाटलं तो टाळतो आहे. त्याला रडवल्यावर अजून किती ताणायचं? आणि तूच लिहिलं होतंस की पहिला आकडा उगाच वर गेला असेल. मी त्याच्यावर विसंबलो. हे कागदाचं काम नाही असं मला सरकीच्या गाडीत बसल्यावर वाटलं होतं, पण गाडीतून उतरलो नाही.

पायरी चढणार नाही. त्याची खुशाली मात्र कळवत जा. कार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

किसन


नागपूर,
१९ जानेवारी १९६९

तीर्थरूप काकांस कोकिळेचा नमस्कार.

तुम्ही तीन कार्डं पाठवलीत, मी उत्तर दिलं नाही. आज लिहिते आहे ते माझा इलाज संपला म्हणून.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. कशाचं ते मुलगी म्हणून मला लिहिता येत नाही, तुम्हाला कळेल. यांनी समजावून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हंजे गोऱ्ह्याचा बैल करता मले," आणि मान भिंतीकडे केली. पण अंगठा दिला. त्याने दुखणं पुष्कळ कमी झालं. पाय गेले ते गेलेच. लघवी आणि परसाकडचं त्यांना कळत नाही. दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणून बाहेरच्या खोलीत बाज टाकली आहे.

मी एकटी त्यांना वळवू शकत नाही. सकाळ-संध्याकाळ हे त्यांना उचलतात, मी धुते. यांनी कधी नाक मुरडलं नाही. पण हे खोलीत आले की बाबा डोळे मिटून घेतात आणि दातावर दात दाबून धरतात. मी यांना आत येऊ नका म्हटलं आणि शेजारच्या गृहस्थांना बोलावलं, तर ते आणखी वाईट झालं. तुमचं पत्र मी तेव्हा रागाने चुलीत घातलं होतं. आता त्यातली ओळ न ओळ मला दिसते आहे.

गेल्या आठवड्यापासून त्यांनी खाणं सोडलं. पाणीही घेत नाहीत. भूक नाही म्हणतात. काल मी बाजेपाशी बसून विचारलं, बाबा, खरं सांगा. तर म्हणाले, "खाल्लं नाही तं धुवा लागत नाही." मी पाणी पाजायला गेले, त्यांनी तोंड उघडलं नाही. ज्या घरचं पाणी चार वर्षं घेतलं नाही, तिथे आता ते पुन्हा घेत नाहीत.

त्यांना तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून हे चालणार नाही. काकूंना ते भासरे, थोरले दीर, त्यांनी हात लावायचा नाही. मी मुलगी, हे जावई. तुम्ही या. मी जे लिहिलं होतं ते मनात ठेवून का होईना, पण या आणि त्यांना घरी घेऊन जा. मी काही बोलणार नाही.

कोकिळा


दुसरबीड,
३० मार्च १९६९

चि. सौ. कोकिळेस अनेक आशीर्वाद.

तू दादाची तेरवी होईपर्यंत इथे होतीस. तुला एक गोष्ट सांगायची होती, ती समोरासमोर सांगणं झालं नाही. तुझी गाडी फाट्यावरून सुटली तेव्हाही ओठावर होती. म्हणून लिहितो.

त्याला इथे आणल्यावर तो खायला लागला हे तुला कळवलंच होतं. आमचं चांगलं जमलं होतं. सकाळी मी त्याला धुवायचो तेव्हा तो मला शेतातली कामं सांगायचा, हरभरा सोंगला का, विहिरीवरचा दोर बदल. धुणं चाललं आहे असं दोघांपैकी कुणीच मनावर घ्यायचं नाही. मी त्याला कुशीवर वळवला की तो म्हणायचा, "किसन्या, हात थंडे हायेत तुये," आणि मी शिवी द्यायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला शिवी दिली आणि त्याने ऐकून घेतली. बाहेरून आलेल्याला वाटलं असतं घरात कुणी आजारी नाही.

तो जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. पाठीवर जखमा पडल्या होत्या, त्यांना हळद-तेल लावत होतो. तो भिंतीकडे तोंड करून होता. मग म्हणाला, "किसन, अकोल्याच्या डाक्टरनं तं रिपोर्ट चांगला देल्ला व्हता ना?"

मी हो म्हणालो.

"मंग मले हे काऊन झालं?"

मला वाटलं टोमणा मारतो आहे. मरताना तरी बोलणारच, बोलू दे म्हटलं. पुढे येऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर टोमणा नव्हता. कोकिळा, तो खरोखर विचारत होता. लहान पोरगं विचारतं तसा. तू समजत होतीस त्याने तुला बनवलं. मी समजत होतो तो लाजेने टाळतो आहे, आपण पळवाट काढली हे त्याला माहीत आहे. तसं काही नव्हतं. कोर्टात मी हजर म्हटलं की तो हजर व्हायचा, देवीला मी चाललो की तो चालायचा, तसा अकोल्यालाही तो जाऊनच आला होता. त्याचं रक्त तपासून झालं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. पाय जाईपर्यंत तो त्या रिपोर्टच्या भरवशावर कंबर धरून नांगरामागे चालला. तुला फसवावं असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते मीच केलं, तुलाही आणि त्यालाही.

तो वाट पाहत होता. "सांग ना," म्हणाला. "तू तं गेला व्हता."

मी म्हणालो, "डाक्टर चुकला, दादा."

त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, "असंन बापा. मानूसच हाये तो बी. हजार लोकाईचं पाहा लागते त्याले, चुकला असंन." आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "कोकिळेले लिहून दे, त्या डाक्टरवर राग नोको धरू म्हना. तिचा सोभाव तापट हाये, जाऊन भांडंन त्याच्यासंग."

मी लिहितो म्हणालो. त्याने पाणी मागितलं, ते पाजलं.

त्याचा निरोप होता, तो तुला कळवला.

किसनकाका